आईला सांगायचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. नाव भारदस्त आहे, पण घरात त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही. सगळे ‘बीपीचं मशीन’ म्हणतात आणि कपाटात हेअर ड्रायरच्या शेजारी ठेवतात. तो सारखा गरम डोक्याने बोलत असतो, त्यामुळे माझे आणि त्याचे फारसे पटत नाही. जन्मभर मी फक्त आकड्यांत बोललो. वरचा आकडा, खालचा आकडा आणि नाडीचे ठोके, एवढीच माझी भाषा. आज पहिल्यांदाच शब्दांत बोलतो आहे, तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एक छोटा पंप, एक नळी, एक पडदा आणि दंडाभोवती गुंडाळायचा कापडी पट्टा, असे माझे साधे शरीर. माझ्यासारखी हजारो भावंडे त्या दिवशी पट्ट्यावरून सरकत होती. पण मी आणि माझी काही भावंडे जरा वेगळी होतो. आम्ही एक जादा परीक्षा पास झालो होतो. गरोदर बायकांचे रक्त निराळ्या रीतीने वाहते. त्यांच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, त्यामुळे साधी मशिने पुष्कळदा कमी आकडा दाखवून मोकळी होतात. आम्हाला मात्र गरोदर बायकांच्या दंडावर पुन्हापुन्हा तपासले गेले आणि मगच खोक्यावर तसा शिक्का बसला. त्या शिक्क्याचा मला आजही अभिमान आहे. थोडी घमेंड म्हणा हवे तर.

तिथून मी नेदरलँड्समध्ये, लायडनला आलो. तिथल्या सायन्स पार्कात एका संशोधन विभागात मृण्मयी नावाची मुलगी काम करत होती. मूळची सांगलीची. शिकायला म्हणून मास्ट्रिख्टला आली आणि नोकरीसाठी लायडनला राहिली. तिचा गट एका अवघड दुखण्याचा अभ्यास करत होता. गरोदरपणात काही बायकांचा रक्तदाब एकाएकी चढू लागतो. बाळाला आईकडून अन्न आणि हवा पोहोचवणारी वार नीट रुजलेली नसते, असे डॉक्टर म्हणतात. पण ती का रुजत नाही, हे अजून कोणाला पुरते कळलेले नाही. वाईट गोष्ट अशी की सुरुवातीला त्या बाईला स्वतःला काहीच जाणवत नाही. वेळीच कळले तर आई आणि मूल दोघेही सुखरूप राहतात. उशीर झाला तर आईला झटके येतात, आणि मग काहीच हातात राहत नाही. म्हणून आकडा महत्त्वाचा, आणि म्हणून मी महत्त्वाचा.

पहिले काही महिने मी दवाखान्याच्या टेबलावर होतो. बायका यायच्या, मी त्यांच्या दंडाला मिठी मारायचो, सोडायचो, आकडा सांगायचो. मोजताना बोलायचे नसते, तरी सगळ्याजणी बोलायच्याच. कोणी पायावर पाय टाकून बसायची, कोणी श्वासच रोखून धरायची. मी मनात चिडायचो, पण काम चालू ठेवायचो.

मग २०२० चा मार्च उजाडला. दवाखान्यातल्या खुर्च्यांवर चिकटपट्टीच्या फुल्या आल्या. गरोदर बायकांना सांगण्यात आले की अगदी गरज असेल तेव्हाच या, बाकीचे फोनवर बोलू. मृण्मयीच्या गटाने तेव्हा एक प्रश्न हाती घेतला. बायकांनी घरीच रक्तदाब मोजला आणि मोबाइलमधल्या ॲपवर आकडा भरला, तर दवाखान्याच्या फेऱ्या कमी करूनही धोका तितक्याच लवकर कळेल का? कळला, तर महामारी सरल्यावरही हजारो बायकांना त्याचा उपयोग होणार होता. आणि न कळता ‘कळतो’ असा निष्कर्ष निघाला, तर त्याच हजारो बायका फसणार होत्या.

मला एका खोक्यात घालण्यात आले. सोबत जादा बॅटऱ्या आणि सूचनांचा कागद. पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर ठेवा, बोलू नका. दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे भरा. जो येईल तो भरा. हे शेवटचे वाक्य मृण्मयीने ठळक अक्षरांत छापून घेतले होते. सूचना ठळक छापली की माणसे ती पाळतात, असा तिचा समज होता. ती तेव्हा तरुण होती.

माझे पहिले घर लायडनमध्येच, आनेलीस नावाच्या डच बाईचे. या देशात पुष्कळ बायका अजून राहत्या घरी बाळंत होतात. सुईण सायकलवरून येते, आणि ही सुईण म्हणजे चार वर्षे शिकून पदवी घेतलेली बाई. आनेलीसने तर दिवाणखान्यात पाण्याचा टब आणून ठेवला होता. एकदा माझा आकडा जरा वर गेला, तेव्हा तिने टबाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि मला काढून पुन्हा बांधले. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तिचे सगळे नीट झाले. मी परत आलो, सॅनिटायझरने पुसला गेलो आणि पुढच्या घरासाठी पुन्हा खोक्यात गेलो.

उन्हाळा संपता संपता मी लायडनजवळच्या झूटरमेरला, सुनेत्राच्या घरी पोहोचलो.

मित्रांनो, आता जरा सावरून बसा, कारण माझ्या आयुष्याची खरी गोष्ट इथे सुरू होते.

सुनेत्रा पुण्याची. एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करायची. लहानपणापासून वर्गात पहिली. तिचा नवरा सौमित्रही त्याच क्षेत्रातला. रांगेतले अरुंद घर, शिडीसारखा उभा जिना; तो वरच्या खोलीत मीटिंगमध्ये आणि ती खाली जेवणाच्या टेबलावर मीटिंगमध्ये, असा त्यांचा संसार चालला होता. दिवसभर ते एकाच घरातून वेगवेगळ्या लोकांशी बोलायचे आणि भूक लागली की एकमेकांशी.

तिची आई लीलावती पुण्यात एकट्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. बाळंतपणासाठी त्या येणार हे केव्हाच ठरले होते. डिंक आणि खारीकही आणून ठेवली होती. पण विमाने बंद होती. थोडी सुरू झाली, तर व्हिसा मिळेना. लीलाताईंची बॅग पलंगाशेजारी भरलेली तशीच उभी राहिली. व्हिडिओ कॉलवर ती मागे दिसायची.

रोज संध्याकाळी, पुण्यात जेवणे आटोपायच्या वेळी, तो कॉल यायचा. इकडची-तिकडची चार वाक्ये झाली की लीलाताई विचारायच्या, “आज किती?”

हा प्रश्न सुनेत्राच्या ओळखीचा होता. शाळेतून पेपर मिळाले की आई दारातच विचारायची, किती मिळाले? सुनेत्राने त्या दारात कधी वाईट उत्तर दिले नव्हते. आताही सुरुवातीला ती झोकात आकडा सांगायची आणि लीलाताईंचा चेहरा खुलायचा.

सप्टेंबरात एका संध्याकाळी मी एकशे बेचाळीस दाखवले. सुनेत्राने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच तिचा पेपर चुकीचा तपासला होता. पुन्हा मोजले, एकशे अडतीस आले. तिने तो एकच आकडा भरला आणि आईलाही तोच सांगितला. “जास्त आहे ना गं?” एवढेच लीलाताई पडद्यावरून म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे सुजलेले होते. रात्रभर झोपल्या नव्हत्या, हे न सांगताच कळत होते.

त्या दिवशी सुनेत्राने ठरवले की आईला असे पुन्हा होऊ द्यायचे नाही.

हुशार माणसे चुकतात तेव्हा तीही हुशारीनेच चुकतात. सुनेत्राने इंटरनेटवर शोधले आणि तिला एक युक्ती सापडली. डाव्या कुशीवर आडवे व्हायचे आणि वरच्या, म्हणजे उजव्या दंडावर मोजायचे. दंड हृदयाच्या वर गेला की आकडा आपोआप उतरतो. आकडा उतरतो, मित्रांनो, रक्तदाब उतरत नाही. पण पडद्यावर एकशे सव्वीस आले की तिला हायसे वाटायचे. तोच ॲपवर, तोच आईला. सौमित्र वरून खाली येऊन विचारायचा, तर त्यालाही तोच. तो बिचारा अंगठा दाखवून पुन्हा वर जायचा.

मी खोटे बोलत होतो का? नाही. मला जिथे ठेवले तिथले मी खरेच सांगत होतो. पण खरे आणि पुरेसे खरे यांत अंतर असते, आणि ते सांगायला माझ्यापाशी शब्द नव्हते. पट्ट्यातून मला तिच्या धमन्यांचा जोर कळत होता. आठवड्याआठवड्याने तो वाढत होता. जे मला जन्मभर शिकवले होते तेच समोर घडत होते, आणि मी टेबलावर गप्प पडून होतो. फार वाईट वाटायचे.

आठवड्यातून एकदा मृण्मयीचा फोन यायचा. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या बायकांशी तीच बोलायची. एकदा ती म्हणाली, “सुनेत्रा, तुमची रीडिंग्ज फारच सरळ रेषेत येतायत. दोन्ही वेळा बसूनच मोजता ना?”

“हो, अगदी इन्स्ट्रक्शन्सप्रमाणे,” सुनेत्रा म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ कपाळ दाबत बसली. हल्ली तिचे डोके दुखायचे. दिवसभर स्क्रीनसमोर बसते म्हणून, असे ती म्हणायची. अंगठी तिने काढून वाटीत ठेवली होती. त्यालाही काहीतरी कारण होतेच.

ऑक्टोबरात उल्काने डोहाळजेवणाचा घाट घातला. उल्का दोन गल्ल्या पलीकडे राहायची, सुनेत्राची कॉलेजपासूनची मैत्रीण. नियमाप्रमाणे घरात तीनच पाहुणे चालत होते, पण आली ती एकटीच, मास्क लावून, दोन हातांत चार पिशव्या घेऊन. सुपरमार्केटमधून आणलेल्या पांढऱ्या शेवंतीचे तिने रात्रभर बसून दागिने केले होते. हेगच्या बाजारातल्या, भारतीय वंशाच्या सुरिनामी बाईच्या दुकानातून हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या होत्या. लॅपटॉप खुर्चीवर उशा रचून त्यावर ठेवला, म्हणजे लीलाताईंना नीट दिसावे. त्याही पुण्यात काठाची साडी नेसून, केसांत गजरा माळून बसल्या होत्या. समोर कोणी नव्हते तरी ओटीचे तबक मांडले होते.

मी शेजारच्या टेबलावर होतो. सुनेत्रा हिरव्या साडीत फार सुरेख दिसत होती, जरा सुजल्यासारखी. उल्काने तिचा हात हातात घेतला आणि बांगडी चढवायला सुरुवात केली. अंगठ्याच्या खाली ती अडली. दुसऱ्या हातावर पाहिले, तिथेही अडली.

“थांब, बेसिनवरचा साबण आणते. साबण लावला की झर्रकन जाईल,” उल्का म्हणाली आणि उठली.

“साबण लावू नकोस.”

लीलाताईंचा आवाज इतका वेगळा आला की उल्का होती तिथेच थांबली.

“उल्का, कोणत्या मापाच्या आणल्यास?”

“दोन-चारच्याच, काकू. तुम्ही सांगितल्या होत्या त्याच.”

“लग्नात हिला दोन-चारच्या सैल झाल्या होत्या. सुनेत्रा, का जात नाहीत?”

सुनेत्रा हसून म्हणाली की प्रेग्नन्सीत थोडी सूज येतेच, नॉर्मल असतं ते. लीलाताई हसल्या नाहीत. त्यांनी गजरा काढून बाजूला ठेवला आणि त्या नंदाबद्दल बोलू लागल्या. नंदा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. सुनेत्राला आपली एक मावशी बाळंतपणात गेली एवढेच ठाऊक होते. कशी, ते घरात कोणी बोलत नसे. नंदाच्या डोहाळजेवणाला साताऱ्याला घरी कासारीण आली होती. बांगड्या जाईनात. कासारणीने साबण लावून त्या चढवल्या आणि सगळ्याजणी हसल्या, की पोर अंगाने भरलीय, बाळ गुटगुटीत होणार. लीलाताईही हसल्या होत्या. दोन दिवसांनी नंदाचे डोके दुखू लागले. मग तिला झटके आले. ती गेली, आणि बाळही.

“तिच्या हातातल्या त्या बांगड्या मीच उतरवल्या,” लीलाताई म्हणाल्या. “तुला दिवस गेले आणि तेव्हापासून मला झोप नाही. पण तुला घाबरवायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही. नुसतं रोज किती ते विचारत राहिले.”

सौमित्र मीटिंग सोडून जिन्यात येऊन उभा होता. सुनेत्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

“आई,” ती म्हणाली, “मी तुला खरे आकडे सांगतच नव्हते. आडवी होऊन मोजायचे. तसा कमी येतो. तुला टेन्शन नको म्हणून.”

मित्रांनो, त्या दोघी एकमेकींना जपत होत्या. आणि जपता जपता दोघींनीही खरे तेच नेमके लपवून ठेवले होते. मायेच्या पोटी माणूस किती मोठी चूक करू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

मला वाटले, लीलाताई आता रागावतील. त्या रागावल्या नाहीत. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, “मला चांगला आकडा नको, सुनेत्रा. खरा दे. बस, आणि माझ्यासमोर मोज.”

सुनेत्रा पाठ टेकून बसली. पाय जमिनीवर ठेवले. उल्काने फुलांचा बाजूबंद काढला आणि सौमित्रने माझा पट्टा बांधला. कोणी बोलले नाही. मी दंडाला मिठी मारली आणि हळूहळू सोडत गेलो. आयुष्यात इतके लक्ष देऊन मी कधी मोजले नसेल.

एकशे सहासष्ट. खालचा एकशे आठ.

थोड्या वेळाने पुन्हा मोजले. एकशे अडुसष्ट.

“दोन्ही लिही,” लीलाताई म्हणाल्या.

आकडे ॲपवर गेले आणि काही मिनिटांतच फोन वाजला. पलीकडे ॲपवर नजर ठेवणाऱ्या सुईणबाई होत्या. डोके दुखतेय का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, असे त्यांनी शांतपणे विचारले आणि ताबडतोब हॉस्पिटलला निघायला सांगितले. सुनेत्रा हिरव्या साडीतच निघाली. सौमित्रने मला तिच्या पर्समध्ये टाकले, का ते त्यालाही सांगता आले नसते. लॅपटॉप टेबलावर तसाच राहिला आणि उल्का लीलाताईंशी बोलत त्याच्यासमोर बसून राहिली. पुण्यात पहाट होईपर्यंत दोघीही हलल्या नाहीत, असे नंतर कळले.

हॉस्पिटलात माझे काही काम नव्हते. तिथे माझ्याहून मोठे, चाकांवर फिरणारे मशीन होते आणि ते फारच रुबाबात टुकटुक करत होते. मी पर्समध्ये लिपस्टिक आणि किल्ल्यांशेजारी पडून सगळे ऐकत होतो. झटके येऊ नयेत म्हणून सुनेत्राला शिरेतून औषध सुरू केले. आणखी थोडा वेळ गेला असता तर, एवढे म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरे केले नाही. नियमाप्रमाणे एकट्या सौमित्रलाच आत राहता येत होते. दोन दिवसांनी मुलगी झाली. वेळेच्या आधी आलेली, जेमतेम दोन किलोंची, म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवले. तिचे पहिले रडणे सौमित्रने फोनवर लीलाताईंना ऐकवले.

सुनेत्रा घरी आली तेव्हा उल्का पुन्हा आली. इथल्या रिवाजाप्रमाणे तिने लोणी लावलेल्या कुरकुरीत पावावर गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या पसरून आणल्या होत्या, कारण मुलगी झाली होती. आणि त्याच हिरव्या बांगड्याही आणल्या होत्या. सूज आता उतरली होती. लीलाताई पडद्यावरून पाहत होत्या आणि बांगड्या एकेक करून सहज हातात गेल्या. साबण लागला नाही. मुलीचे नाव लीलाताईंनीच ठेवले, ऋजुता.

सुनेत्राने मृण्मयीला फोन करून सगळे सांगितले. आपल्यामुळे तुमचा अभ्यास बिघडला, म्हणून माफी मागितली. मृण्मयी म्हणाली, “तुमचे ते आकडे आम्ही काढून टाकू. पण ते का आले, ते मात्र आम्हाला ठेवून घ्यावं लागेल.”

आणि खरोखर तिने ते ठेवून घेतले. त्यानंतर तिच्या गटाने सगळ्या बायकांना एक नवा प्रश्न विचारायला सुरुवात केली. आकडा जास्त आला तर तो कोणाला सांगणे तुम्हाला जड जाते? उत्तरे ऐकून सगळे चकित झाले. कोणाला सासूला सांगणे जड जायचे, कोणाला ऑफिसात. आनेलीसनेही कबूल केले की आकडा वर गेला तर घरातले बाळंतपण हुकेल, टब परत पाठवावा लागेल, म्हणून ती पुन्हा मोजायची. तेव्हा कुठे तिच्या त्या नजरेचा अर्थ मला कळला. पुढच्या टप्प्यातली मशिने स्वतःच आकडा थेट पाठवणारी आणली गेली, आणि फोनवरच्या बोलण्यात हा प्रश्न कायमचा राहिला. नवीन मशीनपेक्षा तो प्रश्नच जास्त उपयोगी आहे, असे माझे मत आहे. पण मी पडलो जुना, माझे मत कोण विचारतो!

ती नवी भावंडे आली आणि आम्ही जुने अडगळीत गेलो. मी लायडनला परत गेलो आणि तिथल्या एका फडताळात कित्येक महिने पडून राहिलो. एके काळी ज्याच्या आकड्यावर सगळ्यांचे श्वास अडकायचे, त्याच्यावर आता धूळ बसत होती. खंत वाटली, खोटे कशाला बोलू? विल्हेवाटीच्या खोक्यात जायची वेळ आली, तेव्हा मृण्मयीने वरिष्ठांना विचारून, पुन्हा एकदा तपासून, मला झूटरमेरला पाठवून दिले. अजून मी अचूक आहे, असा शेराही मारला. असा मी पुन्हा या घरी आलो, हेअर ड्रायरच्या शेजारी.

२०२२ च्या वसंतात लीलाताई आल्या. जवळजवळ दोन वर्षे भरून ठेवलेल्या बॅगेसकट. विमानतळावर काय झाले ते मी पाहिले नाही, पण घरात शिरल्यावर त्या आधी ऋजुताला घेऊन नुसत्या बसून राहिल्या. ऋजुताला मराठी सगळे समजते, बोलते मात्र पाळणाघरातले दोन-चार डच शब्द. तिने आजीचे नाक ओढले आणि आजीने ओढू दिले.

चारेक दिवसांनी ऋजुताने कपाट उघडून मला बाहेर काढले. लीलाताई सोफ्यावर बसल्या होत्या. नातीच्या हट्टाखातर त्यांनी पट्टा दंडाला बांधला आणि ऋजुताने बटण दाबले. मी फुगलो आणि चटकन सगळे ओळखले. आकडा दाखवला. लीलाताईंनी तो पाहिला आणि पडद्यावर हात ठेवला.

“नोख!” ऋजुता म्हणाली. म्हणजे आणखी एकदा. तिने पुन्हा बटण दाबले. आकडा तसाच आला. लीलाताईंनी स्वयंपाकघराकडे पाहिले आणि घाईघाईने पट्टा सोडायला घेतला.

सुनेत्रा हात पुसत दारात उभी होती. तिने एकच प्रश्न विचारला.

“आई, आज किती?”

लीलाताईंच्या ओठांवर काहीतरी चांगले उत्तर आले होते. मी ते पाहिले. मग त्यांची नजर सुनेत्राच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्यांकडे गेली आणि ते उत्तर त्यांनी गिळले.

“एकशे चौसष्ट,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा. आणि आजचाच नाही गं. पुण्यात वर्षभर असाच येतोय.”

सुनेत्रा त्यांच्याशेजारी येऊन बसली. त्यांच्या दंडावरचा पट्टा तिने स्वतःच्या हाताने सोडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. आता त्या रोज एक गोळी घेतात आणि ती घेतली का, हे ऋजुता डचमध्ये विचारते.

मित्रांनो, माझी कहाणी इथे संपली. मला पुसून ठेवा, बॅटरी काढून ठेवा, हे तर मी सांगेनच. कोणत्याही वस्तूची निगा राखावी लागते. पण खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातली आई, आजी, मावशी ‘मी बरी आहे’ म्हणेल, तेव्हा तेवढ्यावर खेळायला पळू नका. जरा थांबा आणि पुन्हा विचारा. ती जे सांगेल ते वाईट असले तरी रडू नका, रागावू नका, म्हणजे पुढच्या वेळीही ती खरे सांगेल. आकडा मी सांगू शकतो. पण माणसाला तो खरा सांगायचा, तर ऐकून घेणारा माणूस समोर लागतो.

ऋजुता कपाटाकडे येते आहे. पाठोपाठ आजीही दंडावरची बाही वर करत आली. आता मी गप्प बसतो. मोजताना बोलायचे नसते.